सिरियल पोर्टवरून आठ रिले कसे चालवायचे: जोडणी, तपासणी आणि नेहमी होणाऱ्या चुका

संगणकाच्या नऊ पिनी सिरियल पोर्टवर संगणकाच्या हुकमाने हलणाऱ्या पिना तीनच असतात: ३ नंबरची टीएक्सडी (डेटा पाठवणारी), ४ नंबरची डीटीआर आणि ७ नंबरची आरटीएस. ५ नंबर ग्राउंड आहे, आणि बाकीच्या पाचांवर संगणक फक्त ऐकतो. त्यामुळे आठ दिवे किंवा आठ व्हॉल्व्ह या पोर्टला थेट जोडायला जागाच नाही. शिवाय या पिनांतून मिळणारा प्रवाह काही मिलिअँपिअरच असतो, त्यावर रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच, ओढला जात नाही. जुन्या प्रिंटर पोर्टवर आठ डेटा पिना एकाच वेळी हलायच्या. सिरियल पोर्टवर तेच आठ बिट एका तारेवरून एकामागोमाग एक येतात. ते मोजून घ्यायचे आणि आठ वेगळ्या तारांवर मांडायचे, हे काम बाहेरच्या सर्किटचं.

इथे दिलेल्या सर्किटमध्ये तीन चिप आहेत. मॅक्स२३२ व्होल्टेज बदलते, एटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर आलेला हुकूम समजून घेतो आणि यूएलएन२८०३ए रिलेला लागणारा प्रवाह देते. जोडणी अवघड नाही. खरा वेळ जातो तो दोष शोधण्यात, म्हणून हा लेख तपासणीच्या क्रमाने लिहिला आहे. सगळं एकदम जोडून वीज दिली आणि काहीच हललं नाही, तर संशय घ्यायला वीस जागा असतात. एकेक टप्पा तपासत गेलात तर दोष बहुधा शेवटी जोडलेल्या भागातच सापडतो.

सामान

- एटमेगा३२८पी, २८ पिनांची डीआयपी (दोन बाजूंना पिनांच्या रांगा असलेली): १
- मॅक्स२३२: १, यूएलएन२८०३ए: १
- २८, १६ आणि १८ पिनांचे आयसी बेस: प्रत्येकी १
- १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल: १, २२ पिकोफॅरडचे सिरॅमिक कॅपॅसिटर: २
- १ मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, निदान १६ व्होल्टचे: ४
- १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कॅपॅसिटर: ५
- १०० मायक्रोफॅरड: १, ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट: १
- १० किलोओहमचा रेझिस्टर: १, ४७० ओहमचे: ८, एलईडी: ८
- ७८०५ रेग्युलेटर: १
- १२ व्होल्ट कॉइलचे रिले: ८
- १२ व्होल्ट, १ अँपिअरचा पॉवर सप्लाय
- नऊ पिनी फिमेल कनेक्टर आणि स्ट्रेट सिरियल केबल
- मल्टीमीटर

रिले १२ व्होल्टचेच घ्या, असा आमचा आग्रह आहे, आणि त्यामागे हिशेब आहे. यूएलएन२८०३ए मध्ये डार्लिंग्टन जोड्या (एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) असतात आणि चालू असताना त्यांच्यावर सुमारे एक व्होल्ट खर्च होतो. १२ पैकी एक गेल्याने रिलेला फरक पडत नाही. ५ व्होल्टच्या रिलेला मात्र जेमतेम ४ व्होल्ट उरतात, आणि नेहमीच्या लहान रिलेला ओढून घ्यायला ७५ टक्के, म्हणजे ३.७५ व्होल्ट लागू शकतात. टेबलावर तो चालतो. डब्यात बंद करून कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि एखादा रिले अधूनमधून लागेनासा होतो. हा दोष शोधणं फार त्रासाचं असतं. प्रवाहाचाही फरक मोठा आहे. १२ व्होल्टची कॉइल साधारण ४०० ओहमची असते आणि ३० मिलिअँपिअर घेते, तर ५ व्होल्टची ७० ओहमची कॉइल ७० मिलिअँपिअरच्या वर जाते. आठही एकदम लावले तर २४० मिलिअँपिअर एकीकडे, साडेपाचशेच्या वर दुसरीकडे.

तारेवरचं व्होल्टेज

आरएस-२३२ मध्ये, म्हणजे सिरियल पोर्ट पाळतो त्या मानकात, ० आणि १ म्हणजे ० व्होल्ट आणि ५ व्होल्ट नव्हेत. इथे १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट, आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. काही पाठवलं जात नसताना तार १ वर, म्हणजे उणे व्होल्टेजवर बसून असते. मायक्रोकंट्रोलरची पिन ० ते ५ व्होल्टमध्येच जगते आणि तिचा अर्थही उलटा आहे. पोर्टची तार तिला थेट जोडली तर हुकूम तर कळणार नाहीच, वर उणे व्होल्टेजने पिन मरू शकते. मॅक्स२३२ याचसाठी आहे.

यूएसबीचा सिरियल ॲडॅप्टर वापरणार असाल तर इथे एक सापळा आहे. बाजारात दोन जातीचे ॲडॅप्टर मिळतात. नऊ पिनी मेल कनेक्टर असलेला आरएस-२३२ पातळीचा असतो, तो या सर्किटला चालतो. नुसत्या चार-सहा पिनांची पट्टी असलेली लहान पट्टिका टीटीएल पातळीची, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्याच व्होल्टेजची असते. ती घेतली तर मॅक्स२३२ गाळायची आणि मायक्रोकंट्रोलरला सरळ जोडायचं. दोन्ही जातींत सीएच३४० किंवा एफटी२३२आर सारखीच चिप असू शकते, त्यामुळे चिपच्या नावावर जाऊ नका, कनेक्टर पाहा.

पहिला टप्पा: नुसता पोर्ट आणि केबल

आधी पोर्टचं नाव शोधा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स या नोंदीखाली कॉम१, कॉम३ असं दिसतं. यूएसबी ॲडॅप्टर दुसऱ्या खाचेत लावला की हा आकडा बदलू शकतो. लिनक्सवर पोर्टची फाइल डेव्ह फोल्डरमध्ये असते: मूळ पोर्ट टीटीवायएस०, ॲडॅप्टर टीटीवाययूएसबी०. तिथे परवानगी नाकारली गेली तर आपलं खातं बहुतेक वितरणांत डायलआउट गटात घालावं लागतं, आणि त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय ते लागू होत नाही. ही शेवटची पायरी हमखास राहते.

टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (टाइप केलेलं पोर्टवर पाठवणाऱ्या आणि आलेलं दाखवणाऱ्या) पोर्ट उघडा: ९६०० बॉड (सेकंदाला इतके बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. फ्लो कंट्रोल चालू राहिला तर संगणक सीटीएस पिनेवर होकाराची वाट पाहत बसतो आणि एकही बाइट बाहेर पडत नाही.

केबलच्या दुसऱ्या टोकाला २ आणि ३ नंबरच्या पिना एका तुकड्याने जोडा. टर्मिनलचा लोकल एको (टाइप केलेलं स्वतःच पडद्यावर दाखवणं) बंद ठेवा. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर परत आलं पाहिजे आणि तुकडा काढला की यायचं थांबलं पाहिजे. तुकडा काढूनही अक्षरं दिसत राहिली तर लोकल एको चालूच आहे, तपासणी झालेली नाही.

आता तुकडा काढा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी काडी ५ नंबरवर आणि लाल काडी आधी ३ वर, मग २ वर टेकवा. संगणकाची पाठवणारी पिन जिथे आहे तिथे उणे ५ ते उणे १२ च्या आसपास आकडा दिसेल, दुसरीवर शून्याजवळ. उणे आकडा ३ वर आला तर केबल स्ट्रेट आहे. २ वर आला तर ती नल मोडेम केबल आहे, तिच्यात २ आणि ३ आतल्या आत अदलाबदल केलेल्या असतात. केबलवर काय छापलंय यापेक्षा हा आकडा विश्वासाचा. लूपबॅक, म्हणजे २ आणि ३ जोडून केलेला मघाचा प्रयोग, दोन्ही केबलवर सारखाच पास होतो, म्हणून ही मोजणी वगळू नका.

दुसरा टप्पा: वीज आणि मॅक्स२३२

७८०५ ला १२ व्होल्ट द्या. आत येणाऱ्या बाजूला ४७० मायक्रोफॅरड, बाहेरच्या बाजूला १०० मायक्रोफॅरड आणि दोन्ही बाजूंना पायाशी १०० नॅनोफॅरड लावा. कोणतीही चिप बेसमध्ये न बसवता ५ व्होल्ट मोजून घ्या. मगच मॅक्स२३२ बसवा.

तिची जोडणी अशी. १६ ला ५ व्होल्ट, १५ ग्राउंडला, दोन्हींच्या मध्ये १०० नॅनोफॅरड. १ मायक्रोफॅरडचा पहिला कॅपॅसिटर १ आणि ३ च्या मध्ये, अधिक टोक १ ला. दुसरा ४ आणि ५ च्या मध्ये, अधिक टोक ४ ला. तिसऱ्याचं अधिक टोक २ ला आणि उणे टोक ५ व्होल्टला. चौथ्याचं उणे टोक ६ ला आणि अधिक टोक ग्राउंडला. हा चौथा जवळजवळ प्रत्येक नवखा उलटा लावतो, कारण अधिक टोक ग्राउंडला हे डोळ्यांना चुकीचं वाटतं. पण ६ नंबरवर उणे व्होल्टेज तयार होतं, त्यामुळे ग्राउंड हेच तिथे वरचं टोक.

वीज देऊन मोजा: २ नंबरवर अधिक ८ ते १० व्होल्ट, ६ नंबरवर उणे ८ ते १० व्होल्ट. आकडे याच्या आसपास नसतील तर कॅपॅसिटर पाहा, पुढे जाऊ नका.

फिमेल कनेक्टरची ३ नंबरची पिन मॅक्स२३२ च्या १३ ला, २ नंबरची १४ ला, ५ नंबरची ग्राउंडला. डेटाच्या दोनच तारा म्हणून ग्राउंड विसरलं जातं. त्याविना कधी चालतं, कधी कचरा अक्षरं येतात. फिमेल कनेक्टरच्या मागून सोल्डर करताना नंबर आरशासारखे उलटे दिसतात. प्रत्येक पिनेशेजारी प्लॅस्टिकमध्ये बारीक आकडा उठवलेला असतो, तो उजेडात धरून वाचा आणि मगच तार लावा.

मग मॅक्स२३२ च्या ११ आणि १२ एका तारेने जोडा आणि पुन्हा टाइप करा. अक्षरं परत आली म्हणजे केबल, कनेक्टर, व्होल्टेजची उलटापालट, सगळं ठीक. तार काढून ठेवा.

तिसरा टप्पा: मायक्रोकंट्रोलर आणि एलईडी

एटमेगा३२८पी मध्ये प्रोग्रॅम भरण्याचा सोपा मार्ग म्हणजे डीआयपी चिप बेसमध्ये बसवलेला आर्डुइनो उनो बोर्ड. त्यावर प्रोग्रॅम भरा, वीज काढा, चिप दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचलून बाहेर काढा आणि आपल्या बेसमध्ये बसवा. अशी चिप बाहेरच्या क्रिस्टलवर चालायला लावलेली असते. क्रिस्टल न लावता बसवली तर ती एकदम गप्प राहते, मेल्यासारखी.

७ आणि २० ला ५ व्होल्ट, ८ आणि २२ ग्राउंडला. पायाशी दोन्ही जोड्यांवर १०० नॅनोफॅरड. १ नंबरचा रीसेट १० किलोओहममधून ५ व्होल्टला. क्रिस्टल ९ आणि १० च्या मध्ये आणि दोन्हींकडून २२ पिकोफॅरड ग्राउंडला. मॅक्स२३२ ची १२ नंबरची पिन एटमेगाच्या २ ला, ११ नंबरची एटमेगाच्या ३ ला.

चिपमध्ये स्वतःचा ८ मेगाहर्ट्झचा घड्याळ-स्रोत असताना क्रिस्टल कशाला, असा प्रश्न पडेल. कारखान्यातून आलेल्या त्या स्रोताची चूक १० टक्क्यांपर्यंत असू शकते. एका बाइटमध्ये स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट असतात, आणि ९६०० बॉडला प्रत्येक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. ऐकणारा स्टार्ट बिटपासून मोजायला लागतो, त्यामुळे शेवटच्या बिटापर्यंत जाताना चूक साठत जाते. ५ टक्के चूक असली तरी दहावा बिट वाचायच्या वेळी अर्धा बिट घसरलेला असतो. क्रिस्टलवर १६ मेगाहर्ट्झला ९६०० बॉडची चूक फक्त ०.२ टक्के येते.

आउटपुटसाठी क्रमाने ४, ५, ६, ११, १२, १३, १४ आणि १५ या पिना घ्या. आर्डुइनोच्या भाषेत त्या डिजिटल २ ते ९ होतात. डिजिटल ० आणि १ सिरियलसाठीच राखायच्या. प्रत्येक पिनेवरून ४७० ओहम आणि एलईडी ग्राउंडला. रिले अजून लावायचे नाहीत.

हुकमाची भाषा

तीन बाइटचा हुकूम पुरतो. पहिला बाइट २५५, दुसरा आउटपुटचा नंबर १ ते ८, तिसरा ० म्हणजे बंद किंवा १ म्हणजे चालू. २५५, ३, १ आलं की तिसरं आउटपुट चालू. मायक्रोकंट्रोलरने तेच तीन बाइट परत पाठवायचे, म्हणजे हुकूम पोचला हे संगणकाला कळतं. मध्येच एखादा बाइट हरवला तरी घोटाळा टिकत नाही, कारण २५५ दिसलं की पहिल्यापासून मोजायला सुरुवात करायची हा नियम असतो.

आठही आउटपुट एका बाइटमध्ये पाठवण्याचा मोह होईल. पण सगळी चालू म्हणजे आठही बिट १, म्हणजे पुन्हा २५५, आणि तो बाइट सुरुवातीची खूण समजला जाईल. म्हणून चार-चारचे दोन भाग करा: नंबर ९ ला खालच्या चारांची अवस्था ० ते १५, नंबर १० ला वरच्या चारांची.

९६०० बॉडला तीन बाइट जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. लहान रिले लागायला १० मिलिसेकंदांपर्यंत घेतो. बॉड रेट वाढवून इथे काही हाती लागत नाही.

पाठवताना होणाऱ्या चुका बहुतेक याच तीन. टर्मिनलमध्ये २५५ टाइप केलं की २५५ जात नाही, २, ५, ५ या तीन अक्षरांचे ५०, ५३, ५३ असे बाइट जातात. रिअलटर्मसारख्या प्रोग्रॅममध्ये आकडे बाइट म्हणून पाठवायची सोय आहे, ती वापरा. पायथॉनमध्ये पायसिरियल या लायब्ररीला बाइटच द्या. २५५ क्रमांकाचं अक्षर यूटीएफ-८ मध्ये बदलून दिलं तर १९५ आणि १९१ असे दोन बाइट निघतात. तिसरी चूक लिनक्सच्या शेलमधून थेट पोर्टच्या फाइलमध्ये लिहिणाऱ्यांची. पोर्ट रॉ मोडमध्ये (बाइट जसेच्या तसे पाठवणाऱ्या) नसेल तर प्रणाली १० हा बाइट नवी ओळ समजते आणि त्याआधी १३ घुसवते. दुसरं आणि चौथं आउटपुट चालू करायला २५५, ९, १० पाठवलंत तर पोचतं २५५, ९, १३, १०, आणि पहिला, तिसरा, चौथा एलईडी पेटतो. बाकी हुकूम बरोबर चालत असताना १० हा बाइट असलेलेच हुकूम चुकताना दिसले की आधी रॉ मोड पाहा.

चौथा टप्पा: रिले

यूएलएन२८०३ए च्या १ ते ८ या पिना इनपुट, समोरच्या १८ ते ११ आउटपुट. ९ ग्राउंड. एटमेगाची आठ आउटपुटं क्रमाने इनपुटांना जोडा, एलईडी तसेच राहू द्या. प्रत्येक रिलेच्या कॉइलचं एक टोक १२ व्होल्टला, दुसरं यूएलएनच्या आउटपुटला. आणि १० नंबरची पिन १२ व्होल्टला. ही पिन राहिली तर आतले डायोड कामाला येत नाहीत. रिले बंद होताना कॉइल उलट दिशेला मोठं व्होल्टेज फेकते, आणि मग मायक्रोकंट्रोलर मध्येच रीसेट होतो किंवा यूएलएनच जळते.

रिलेच्या प्रवाहाची ग्राउंड तार यूएलएनच्या ९ वरून जाड तारेने थेट पॉवर सप्लायला न्या, मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंडमधून फिरवू नका. एकेक रिले नीट चालतो पण आठही लावले की सगळे गळतात आणि पुन्हा खडखडतात, हे लक्षण चुकलेल्या ग्राउंडचं किंवा अपुऱ्या पॉवर सप्लायचं. प्रोग्रॅममध्ये दोन रिलेंच्या मध्ये ५० मिलिसेकंद सोडले तर सुरुवातीचा झटकाही वाटला जातो.

यूएलएनऐवजी तयार रिले बोर्ड वापरत असाल तर आधी पाहा की तो इनपुट खाली गेल्यावर चालू होतो का. बरेच बोर्ड तसे असतात. पिन आउटपुट केल्या क्षणी ती ० वर असते, त्यामुळे वीज दिली की आठही रिले एकदम लागतात. अशा बोर्डासाठी आधी पिनेवर १ लिहायचा आणि मग ती आउटपुट करायची. आर्डुइनो बोर्ड यूएसबीने थेट जोडलेला असेल तर आणखी एक गोष्ट: संगणकाने पोर्ट उघडला की डीटीआरमुळे बोर्ड रीसेट होतो आणि पुढचा सेकंद-दोन सेकंद हुकूम वाया जातात. या लेखातल्या सर्किटला डीटीआर जोडलेलीच नाही, म्हणून इथे ती अडचण येत नाही.

रिलेच्या संपर्कांवर सुरुवातीला १२ व्होल्टचे छोटे दिवेच लावा. मोटार किंवा कॉइलचं ओझं असेल तर रिलेवर छापलेले १० अँपिअर धरून चालू नका, तो आकडा हीटरसारख्या साध्या ओझ्याचा असतो. घरातल्या विजेची ओझी लावायची असतील तर त्या बाजूची सगळी जोडणी वीजकाम जाणणाऱ्याकडून, बंद डब्यात, पाच व्होल्टच्या तारांपासून लांब करून घ्या. ब्रेडबोर्डवर ती वीज कधीही आणायची नाही.

शेवटी प्रोग्रॅममध्ये एक घड्याळ घाला: ५ सेकंदांत एकही पूर्ण हुकूम आला नाही तर आठही आउटपुट बंद. संगणकाने मग दर दोन सेकंदांनी कुठला तरी हुकूम, निदान आधीचाच पुन्हा, पाठवत राहायचं. हे तपासायला तिसरं आउटपुट चालू ठेवून केबल उपसा. मॅक्स२३२ च्या आत इनपुटवर ग्राउंडकडे जाणारा रोध असल्यामुळे लोंबती तार खोटे बाइट देत नाही, आणि पाचव्या सेकंदाला रिले टक् करून सुटला पाहिजे. तो सुटेपर्यंत या सर्किटला हीटर किंवा पंप जोडू नका.